आबांची कमांडर: इंजिन करायचं की बदलायचं

गाडी: महिंद्रा कमांडर 650 डीआय, डिसेंबर 1999 ची, एमएच-15 (नाशिक). इंजिन 2523 सीसी, चार सिलिंडरचं डिझेल, बोअर (सिलिंडरचा व्यास) 88.9 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 101.6. मीटर पाच आकडी, सध्या 87,412 दाखवतो. तो तीनदा शून्यावर आलेला आबांना पक्का आठवतो, म्हणून खरा आकडा 3,87,000 च्या पुढे धरतोय. आरसीची मुदत 23 डिसेंबर 2024 ला संपते. हे शेवटचं वाक्य पुढे महागात पडणार आहे.

6 ऑक्टोबर 2024, रविवार

द्राक्षाच्या छाटणीचे मजूर आणायला आबा पहाटेच पेठला गेले. येताना गाडीत नऊ माणसं, त्यांची भांडीकुंडी आणि तांदळाची दोन पोती. सावळघाटाच्या चढाला फॅनचा पट्टा तुटला. टेंपरेचरचा काटा दोन वर्षांपासून मेलेला, त्यामुळे आबांना कळलं तेव्हा गाडीची ताकद गेली होती आणि बॉनेटमधून वाफ येत होती. त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडून मजुरांच्या कॅनमधलं गार पाणी ओतलं आणि वर आणखी तीन किलोमीटर गाडी दामटली.

"अर्धा तास थांबायचं होतं ना."

"बायका-पोरं रस्त्यात उभी करू का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मजूर दुसऱ्याच्या पिकअपनं मखमलाबादला मळ्यावर पोचले. गाडी ओढून पेठ रोडला चाचांच्या गॅरेजमध्ये लावली. मेलेला काटा बदलायला मी दोन दिवाळ्या "या महिन्यात करतो" म्हणत होतो, तेही इथे लिहून ठेवतो.

9 ऑक्टोबर

चाचांचं पहिलं मत फोनवर: "भाऊ, हेड गॅसकेट तर गेलंच. पण ही गाडी आधीपासूनच ऑइल पीत होती, खरं ना?" (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, गॅसकेट म्हणजे दोघांमधलं सील.) खरं आहे. सहाशे किलोमीटरला एक लिटर ऑइल घालत होतो. सकाळी स्टार्ट केल्यावर निळा धूर, ऑइलचं झाकण काढलं की भसाभस वाफ. घाटानं फक्त तारीख ठरवली, दुखणं जुनंच.

13 ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. आबांनी गॅरेजमध्ये जाऊन बंद गाडीला झेंडूची माळ घातली. आज मी गेलो तेव्हा ती माळ फॅनवर लोंबत होती.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो, ते बघितलं. नोजल काढून त्या जागी गेज लावला आणि स्टार्टर मारला. एक नंबर 23 किलो (दर चौरस सेंमीला), दोन नंबर 22, तीन नंबर 13, चार नंबर 21. तीन नंबरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत बघितलं तर 15. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर काटा चांगला वर गेला असता (डिझेलला ऑइल टाकून केलेली ही तपासणी थोडी फसवी असते, ऑइलच जागा व्यापतं आणि आकडा फुगतो). इतकाच वाढला म्हणजे हवा वरून निघतेय: गॅसकेट, व्हॉल्व्ह नाहीतर हेड. रेडिएटरमध्ये बुडबुडेही आहेत. बाकीचे तीन सिलिंडर मेलेले नाहीत, पण म्हातारे आहेत.

आता प्रश्न कागदावर. चाचांनी विचारलं, "हाफ करायचं, फुल करायचं, की दुसरं टाकायचं?"

19 ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर सल्ले गोळा झाले. इंजिन अजून कोणी उघडलेलं नाही, तरी प्रत्येकाला उत्तर माहीत आहे. कंपनीतला मित्र म्हणतो विकून टाक. चुलतभाऊ म्हणतो नव्या बोलेरोचं कॉमन रेलचं इंजिन बसव, रॉकेट होईल. वायरिंग, कंट्रोल युनिट, गिअरबॉक्सची पट्टी आणि आरटीओ यांचं काय, असं विचारल्यावर तो विषय बदलतो. इगतपुरीच्या इंजिन कारखान्यातून निवृत्त झालेले मामा म्हणाले, "आधी उघड. बंद इंजिनावर बोलणं म्हणजे न पाहिलेल्या मुलीचं लग्न ठरवणं."

अंदाजाचे आकडे असे. हाफ काम, म्हणजे इंजिन गाडीतच ठेवून हेड, गॅसकेट, रिंगा आणि बेअरिंग: 20 हजार. फुल काम, म्हणजे इंजिन उतरवून लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टन, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंडिंग, हेड, नोजल-पंप सगळं: 48 हजार, "आत काही निघालं नाही तर". कुर्ल्याहून आलेलं चालू जुनं इंजिन: 42 हजार, शिवाय भाडं, गॅसकेट, क्लच प्लेट आणि बसवण्याची मजुरी.

हाफ काम मी तिथेच बाद केलं. घासलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा टाकल्या की सहा महिने बरं वाटतं आणि मग पुन्हा ऑइल. उरले दोन. खरं सांगायचं तर माझा कल दुसरं इंजिन टाकण्याकडे होता. किंमत जवळपास तेवढीच, तीन दिवसांत गाडी रस्त्यावर, आणि आमच्याकडे सलग तीन दिवस कोणाला मोकळे नाहीत.

20 ऑक्टोबर, रविवार

इंजिन बघायला गेलो. अंबड लिंक रोडचा जुना भंगार बाजार महापालिकेनं 2017 मध्ये उठवला, आता असा माल शोधत फिरावं लागतं. एकाच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर इंजिन ठेवलेलं, बाहेरून निळा रंग मारलेला. विक्रेत्यानं बॅटरी जोडून, बाटलीतून डिझेल देऊन चालू करून दाखवलं. आवाज गोड. धूरही नाही.

पण लोड नसलेलं इंजिन चाळीस सेकंद गोड वाजतंच. कॉम्प्रेशन बघू का विचारलं तर म्हणाला, "नोजल खोललं की गॅरंटी नाही." गॅरंटी तशीही पंधरा दिवसांची.

मग खाली वाकून नंबर शोधला. ब्लॉकवर जिथे नंबर असतो ती पट्टी रंगाखाली सपाट लागली, जरा जास्तच सपाट. कापडाला थिनर लावून पुसलं. ग्राइंडरचे अर्धगोल ओरखडे, त्यावर हातानं ठोकलेले आकडे, आणि त्यातला 8 बाकीच्यांपेक्षा खाली बसलेला. मी काही बोललो नाही, त्यानंही विचारलं नाही. चहा घेऊन निघालो.

घरी येऊन मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलं. आरसीवरच्या माहितीपेक्षा वेगळं इंजिन बसवायचं तर आधी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी, आणि बदलल्यावर 14 दिवसांत कळवणं. त्याला इंजिनाचा कागद लागणार: कुठल्या गाडीतून निघालं, बिल कोणाच्या नावे. इथे तर नंबरच कोणीतरी पुसून टाकलेला. आणि दोन महिन्यांत नूतनीकरणासाठी हीच गाडी पेठ रोडलाच आरटीओत न्यायची आहे.

सगळीच जुनी इंजिनं अशी नसतात. अपघातात गेलेल्या गाडीचं, कागद असलेलं इंजिन मिळालं तर तो चांगला सौदा असतो. मला शोधून मिळालं नाही, एवढंच.

27 ऑक्टोबर, रविवार

इंजिन उतरवलं, उघडलं. आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण निर्णयाचं सगळं सामान आज समोर आलं.

हेड निघाल्यावर चाचांनी पहिल्यांदा तोंडानं काही न सांगता माझा हात धरला आणि अंगठ्याचं नख दोन नंबरच्या बोअरमध्ये वरून खाली फिरवलं. वरच्या काठाखाली सात-आठ मिलिमीटरवर नख अडकलं. वरची रिंग जिथपर्यंत येऊन परत फिरते, तिथपर्यंतच लायनर घासला जातो. त्याच्या वरचा पट्टा कोराच राहतो, आणि दोघांच्या मध्ये असा ओठ तयार होतो. "नखाला लागलं की लायनर गेला," चाचा म्हणाले. त्यांच्याकडे बोअर गेज नाही आणि गेल्या तीस वर्षांत त्यांना लागलाही नाही.

माझं पोट गेजवर चालतं (सातपूरला कंपनीत क्वालिटी विभागात आहे), म्हणून कंपनीतून साहेबांना विचारून बोअर गेज आणि मायक्रोमीटर आणला होता. मूळ माप 88.90. चार नंबर सर्वांत वाईट: वर 89.11, खाली 88.94. म्हणजे 0.17 चा उतार. बाकी तिन्ही 0.12 ते 0.15. सगळी झीज क्रँकच्या आडव्या दिशेला, जिकडे पिस्टन दाबतो तिकडे. चाचांचं नख आणि माझा गेज एकच बोलले. मला थोडं वाईट वाटलं, गेज भाड्याचा असता तर जास्त वाटलं असतं.

क्रँक: तीन नंबरचा पिन 0.05 लांबट झालाय, त्यावर एक ओरखडा आहे जो नखाला जेमतेम लागतो. बाकी ठीक. पहिल्या साइजमध्ये, म्हणजे दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) उतरवून, साफ होईल. ही क्रँक याआधी एकदाही ग्राइंड झालेली नाही. पंचवीस वर्षांत आबांनी ऑइल बदलायला कधी उशीर केला नाही, त्याचं हे व्याज.

पाण्याची बाजू मात्र लाजिरवाणी. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत बोअरवेलच्या पाण्याचा पांढरा-तांबडा थर, चमच्यानं खरवडला तर ताटलीभर निघाला. बाजूला बसवलेल्या वाटीसारख्या दोन पत्र्याच्या झाकण्या आतून कुजून कागदासारख्या झाल्यात. रेडिएटरमध्ये कूलंट घाला म्हटलं की आबा म्हणायचे, आपल्या विहिरीच्या पाण्यात काय वाईट आहे? द्राक्षाला चालतं ते.

28 ऑक्टोबर

वसुबारस. संध्याकाळी गॅरेजला जाऊन हेड तपासलं. चाचांची पद्धत: हेड धुऊन सुकवलं, तीन नंबरच्या व्हॉल्व्हच्या मधल्या भागावर रॉकेल लावलं, पाच मिनिटं मुरू दिलं, कापडानं कोरडं पुसलं आणि वर शाळेतला पांढरा खडू घासला. मग आम्ही दोघं बॅटरी धरून बसलो. आधी काहीच नाही. मग इनटेक आणि एक्झॉस्टच्या सीटांच्या मधोमध खडूवर केसाएवढी करडी रेघ उमटली, आणि बघता बघता थोडी लांबली.

तडा. गरम हेडवर गार पाणी पडलं त्याचा पुरावा.

हे "आत काही निघालं नाही तर" मधलं निघालेलं आहे. नवं हेड 15 हजार, व्हॉल्व्ह आणि गाइड वेगळे. फुल कामाचा आकडा 48 वरून थेट 63 वर. तडा वेल्डिंग करून देणारे आहेत, पण बिडाच्या हेडला दोन सीटांच्या मध्ये वेल्डिंग करून पुन्हा सावळघाट चढायचा, हे मला झेपणार नाही.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

दिवाळीत काम बंद, वाद चालू. मामा आले होते. जेवणानंतर ओसरीवर हिशेब मांडला.

विकायची तर उघड्या इंजिनासकट भंगाराच्या भावानं 40-45 हजार. तेवढ्यात जुनी पिकअपसुद्धा येत नाही. हप्त्यानं घ्यावी तर द्राक्षाचा भाव मार्चमध्ये कळणार आणि हप्ता डिसेंबरपासून सुरू. आमचा वापर वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर: मजूर, खत, औषधं, अधूनमधून पिंपळगावला क्रेट, आणि लग्नसराई. त्याला नवी गाडी परवडत नाही हे मामांनाही पटलं.

"मग 42 चं इंजिन आण की. 63 कशाला?" मामा म्हणाले. बरोबर प्रश्न. मी माझा हिशेब सांगितला. ते 42 चं इंजिनही वीसेक वर्षांचंच असणार. त्याचा बोअर मला माहीत नाही, क्रँक कितव्या साइजवर आहे माहीत नाही, हेडला खडू लावू देणार नाहीत. ते आणून उघडावंच लागलं तर 42 अधिक 40. इथे माझ्यासमोर सगळे भाग मोजून पडलेले आहेत. जे वाईट आहे ते किती वाईट, हे कागदावर आहे. आणि ब्लॉक आपलाच राहिला की नंबर आपलाच राहतो, आरसीला हात लावावा लागत नाही.

शेवटच्या मुद्द्याला मामांनी मान डोलावली. पारडं खरं त्यानंच झुकलं, हे मान्य करतो. कागदाचं इंजिन मिळालं असतं तर कदाचित आज वेगळं लिहिलं असतं.

आबा एवढा वेळ सुपारी कातरत होते. म्हणाले, "2003 चा सिंहस्थ या गाडीनं केला, 2015 चा केला. 2027 चा करू द्या, मग काय करायचं ते करा." निर्णय झाला. हेडचे पैसे आबांनी कपाटातून काढून दिले, मोजायला लावले.

16 नोव्हेंबर, शनिवार

अंबडला मशिन शॉपमध्ये. लायनर काढून नवे दाबले, बोअर करून होनिंग (दगडानं बारीक घासणं) केलं. भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी नीट आलीय. ऑइल त्याच रेघांत टिकतं, गुळगुळीत बोअरमध्ये रिंगा बसत नाहीत. ब्लॉकचा माथा पट्टीनं बघितला, पाण्याच्या एका भोकाजवळ खड्डा होता, हलकासा कट मारला.

क्रँकसाठी मी ग्राइंडिंगवाल्या काकांच्या डोक्यावर उभा राहिलो. पिन आणि बाजूची भिंत यांच्या कोपऱ्यात जी गोलाई असते ती घाईत चौकोनी करून टाकली की क्रँक तिथूनच तुटते. काकांनी चष्म्यावरून बघितलं: "तुम्ही येण्याआधीपासून मी दगडाला गोलाई मारतोय." माफी मागितली, चहा पाजला.

20 नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. बोटाला शाई लावून गॅरेजला. दिवसभर ब्लॉक धुणे: ऑइलच्या वाटांतून तार आणि ब्रश, मग डिझेल, मग साबणाचं गरम पाणी, मग हवा. होनिंगची भुकटी आत राहिली तर नवी बेअरिंग महिन्यात खाते. शाई टिकली, नखं गेली.

24 नोव्हेंबर, रविवार

जोडणी. रिंगा पिस्टनवर चढवायच्या आधी एकेक बोअरमध्ये सरकवून तोंडातली फट बघितली. 0.30 ते 0.38 आल्या, चांगल्या. तीन नंबरची वरची रिंग मात्र 0.15. तशीच बसवली असती तर तापल्यावर दोन्ही टोकं भिडून बोअर ओरबाडला असता. बारीक कानशीनं एका टोकाला घासत, परत लावत, परत बघत 0.32 वर आणली. वीस मिनिटं गेली. चाचांचा पोरगा म्हणाला, "किटमध्ये बरोबरच येतं की." येतं. बाराव्यांदा येत नाही.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत. रेडिएटर दुरुस्त करून आलाय. टेंपरेचरचा सेन्सर आणि काटा नवा, दोन्ही मिळून साडेसातशे रुपये. फक्त साडेसातशे.

1 डिसेंबर, रविवार

आधी स्टॉपची दोरी ओढून ठेवून नुसतंच फिरवलं, ऑइलचा काटा हलेपर्यंत. मग डिझेलची एअर काढली. दुसऱ्या स्टार्टरला घेतलं. पांढरा धूर, मग करडा, मग काही नाही. आबा कान लावून उभे होते. म्हणाले, "आवाज बदलला." बदललाच आहे, टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) टकटक गेली. त्यांना ती टकटक आवडायची.

12 डिसेंबर, गुरुवार

दरम्यान 210 किलोमीटर झाले. पन्नासच्या वर नाही, घाट नाही, ओझं नाही. टॅपेट पुन्हा लावले.

आज आरटीओ. फॉर्म 25, फी 5,000, पर्यावरण कर वेगळा. निरीक्षकांनी दिवे, ब्रेक, धूर बघितला. मग चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, पांढऱ्यावर आकडे उमटले, ते आरसीशी ताडले. इंजिनाचा नंबर बॅटरीच्या उजेडात वाचला. आम्ही तो भाग रंगवलाच नव्हता. साहेब म्हणाले, "इंजिन काम केलंय वाटतं." आबा लगेच, "केलंय, पण आमचंच आहे."

22 डिसेंबर, रविवार

520 किलोमीटर. पहिलं ऑइल काढलं. काळं आहे, पण बोटांत चोळलं तर खरखर नाही. चुंबकाला राखेसारखी भुकटी चिकटली, तुकडा एकही नाही. पातळी अर्ध्या बोटाएवढी उतरली होती.

एकूण खर्च 66,800. अंदाजापेक्षा 3,800 जास्त: रेडिएटर, क्लच प्लेट आणि चहा.

राहिलेलं: मागच्या ऑइल सीलच्या खाली ओल दिसतेय. थेंब पडत नाही, नुसती ओल. चाचा म्हणतात सील बसेल. खाली जुना पेपर अंथरून ठेवलाय, सकाळी बघतो.